दुसऱ्या कुणाच्या मुलाची मोटार

आमच्या घरी निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. उंबरा ओलांडला की ओलांडला. काही विसरलं असेल तर ते त्याच्या नशिबात नव्हतं म्हणायचं आणि दार लोटून घ्यायचं. मी विलायतेला निघालो त्या सकाळी दशम्यांचं गाठोडं झोपाळ्यावरच राहिलं. टांग्यात मागे बसणाऱ्याचं तोंड मागे असतं, म्हणून मला आमचं दार बराच वेळ दिसत होतं. आई दारात हातात काहीतरी घेऊन उभी होती. मला वाटलं, पदर असेल. शेजारच्या कांताबेन ओरडायला गेल्या तर आईने त्यांना गप्प केलं, हे पुढे ताईने कळवलं. मला स्वतःला कळलं ते भरुच आल्यावर, भूक लागली तेव्हा.

आबा टांगेवाल्याशेजारी पुढे बसले होते. जन्मभर राज्याच्या बग्गीखान्यात घोडे हाकलेला माणूस. दुसऱ्याच्या टांग्यातसुद्धा मागे बसणं त्यांना जमायचं नाही. त्यामुळे बडोद्याच्या पाणीगेटपासून सयाजीगंजापर्यंत आम्ही बापलेक पाठीला पाठ लावून गेलो आणि एक अक्षर बोललो नाही. सुरसागर गेला, विश्वामित्रीचा पूल गेला. स्टेशनात त्यांनी माझी ट्रंक वर चढवली, फेटा सारखा केला आणि म्हणाले, "शीक आणि ये."

शिकलो. दुसरं काही झालं नाही.

हे मी पाणीगेटला राहिलेल्या माझ्या माणसांसाठी लिहितोय, आणि जे माझ्यासारखे निघून गेले, कोणी लीड्सला, कोणी नैरोबीला, त्यांच्यासाठीही. मागे राहिलेल्यांना वाटतं, गेलेल्याला तिकडे कसली तरी बेडी पडली असणार, नाहीतर आपला माणूस आपल्याकडे का येणार नाही? कोणी म्हणतं गोरी बायको केली, कोणी म्हणतं साहेबाने अडकवला. माझ्याबाबतीत तसलं काही झालं नाही. राज्याच्या रेल्वेच्या कारखान्यात फिटर होतो, तिथल्या साहेबाच्या ओळखीने मध्य इंग्लंडात लॉरीची इंजिनं बनवणाऱ्या एका कारखान्यात शिकायला गेलो. काम हाताला लागलं, मला माझं टेबल मिळालं, एका विधवा बाईच्या घरात वरची खोली मिळाली. धुक्याची सवय झाली, उकडलेल्या बटाट्याचीसुद्धा झाली. मला तिथे बरं वाटत होतं, म्हणून मी राहिलो. याच्याहून मोठं कारण असतं तर मला तोंड वर करून सांगता आलं असतं.

तर मी तिकडे रुळल्यावर एका वर्षी महाराज सरकारांनी विलायतेत घोडे घेतले. मिरवणुकीच्या बग्गीला जोडायचे उंच, एका रंगाचे घोडे. ते बोटीवरून सांभाळून आणायला पागेतली तीन माणसं पाठवली, आणि त्यांत आबांचं नाव निघालं. ताईचं पत्र आधीच पोचलं होतं. आईने आबांना काय सांगून पाठवलंय ते तिने सरळ लिहिलं होतं: घोडे येतील तेव्हा येतील, मुलाला घेऊन या. आबांनी जाण्यापूर्वी राज्याच्या मोटारखान्यात माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. जागा होती. मी फक्त 'हो' म्हणायचं होतं.

घोडे बोटीवर चढायला अवकाश होता, तेवढ्यात आबांना शनिवार-रविवारची मोकळीक मिळाली. आगगाडीतून उतरले ते लाल फेटा, जाड बंडी, वरून कोणाचा तरी मागून आणलेला ओव्हरकोट आणि हातात सुखडीचा डबा. सुखडी आमच्या घरी कांताबेनकडून शिरली आणि आता ती आईचीच म्हणायची. गूळ-तुपातली असल्याने प्रवासात टिकते. मी वाकून नमस्कार केला तर फलाटावरची माणसं थांबून बघायला लागली. आबांनी मला उठवलं नाही. पाठीवर हात ठेवून तसेच उभे राहिले.

मी ठरवलं होतं, त्यांना मोटारीतून वेल्सच्या डोंगरात न्यायचं. माझी मोटार नव्हती. तिकडे मात्र एक सोय आहे: गॅरेजमधून मोटार भाड्याने मिळते आणि ती आपणच चालवायची. बडोद्यात भाड्याचा टांगा काय, शिगराम काय, सोबत हाकणारा येतोच. वाहन आणि माणूस वेगळे करता येतात हे आमच्याकडे कुणाच्या मनातही येत नाही. गॅरेजचा म्हातारा मालक गडद हिरवी, चार दारांची मोटार अंगणात काढून उभा होता. त्याने माझं लायसन्स बघितलं, एका कागदावर सही घेतली आणि मोटारीभोवती फिरून कुठे ओरखडा आहे, कुठल्या मडगार्डला पोचा आहे ते दाखवलं, म्हणजे परत करताना वाद नको. आबा त्याच्या मागोमाग फिरले. त्यांनी चाकं दाबून बघितली, वाकून पोटाखाली बघितलं, दारं उघडून मिटून बघितली. म्हातारा हसू दाबत होता. पण जनावर निवडणारा माणूस त्यालाही ओळखू आला असावा, कारण शेवटी त्याने टोपीला हात लावला.

"हाकणारा कुठाय?" आबांनी मला विचारलं.

"मीच की."

"मग धनी?"

"धनी आता घरी जाऊन जेवेल."

आबा घोटाळले. "म्हणजे आपलं जनावर तुझ्या हाती देऊन हा निघाला? ओळख ना पाळख?"

"लायसन्स बघितलं ना त्याने. सही घेतली."

"कागद बघून कोणी घोडं देतं होय?" ते म्हणाले. मग बराच वेळ त्या म्हाताऱ्याकडे बघत राहिले.

निघण्यापूर्वी लिंबं हवीत असं त्यांचं म्हणणं पडलं. मी सांगून बघितलं की आबा, मोटार आपली नाही, दोन दिवसांची भाड्याची आहे. ते म्हणाले, दोन दिवस का होईना, आत बसणारी माणसं आपलीच ना? कोपऱ्यावरच्या दुकानातून लिंबं आणली, एकेका चाकाखाली एकेक ठेवलं आणि मोटार पुढे घेतली. लिंबं चिरडल्याचा आवाज झाला. गॅरेजवाल्याने अंगणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि इंग्रजांच्या रीतीप्रमाणे काही विचारलं नाही.

मग मी मागचं दार उघडलं.

ज्या माणसाने आयुष्यभर सरदारांना मागे बसवून आपण पुढे ऊन-पाऊस खाल्ला, त्याला एकदा तरी मागे बसवायचं, गादीवर टेकून, दार आपण उघडून द्यायचं, ही माझी हौस होती. आबा क्षणभर थांबले आणि मुकाट्याने आत बसले. आम्ही निघालो. गाव संपलं, कुंपणं लागली, मेंढ्या दिसायला लागल्या. समोर जेमतेम वीतभर आरसा होता, त्यात मला त्यांचा फेटा तेवढा दिसायचा, तोंड नाही. मी कौतुकाने सांगत होतो, हे बघा आबा चर्च, ही बघा नदी. मागून 'हं' एवढंच यायचं. दुपारपर्यंत माझंही बोलणं आटलं. चालत्या माणसाला मागून बोलायचं नाही, आणि हाकणाऱ्याला तर नाहीच, या शिस्तीत ते वाढले होते. जे सांगायला सात समुद्र ओलांडून आले ते त्यांच्या ओठांवर होतं, आणि मी त्यांना अशा जागी बसवलं होतं जिथून त्यांच्याच्याने ते बोलवणार नव्हतं.

मागे बसवलं ते मानाने. पण मागे बसलेले आबा काही विचारणार नाहीत हेही मला पक्कं ठाऊक होतं. यातलं मनात आधी काय आलं, ते आज मला सांगता येत नाही. इतक्या वेळा मी ते उगाळलंय की दोन्ही एकमेकांत मिसळून गेलंय.

मुक्काम एका खेड्यातल्या सरायीत केला. तिथेही आजूबाजूला माणसं होती, बोलणं झालं ते घोड्यांचं. दुसऱ्या दिवशी सकाळी घाट चढताना आबांनी प्रथमच आपणहून तोंड उघडलं. "जरा थांबव. चढावर दमली असेल." मोटार दमत नाही हे मला सांगवलं नाही. रस्त्याच्या कडेला घेतली. खाली दरी, समोर बोडका डोंगर. आबा उतरले, बॉनेटवर तळवा ठेवला, थोडं थोपटल्यासारखं केलं. "पावागढासारखं आहे," म्हणाले. पावागढासारखं त्यात काही नव्हतं. पण बडोद्याच्या माणसाला डोंगर दुसऱ्या कशासारखा दिसणार?

मग ते वळसा घालून आले आणि पुढचं दार उघडून माझ्या शेजारी बसले. सुखडीचा डबा मांडीवर घेतला. एक वडी मला दिली, एक स्वतः घेतली. फ्लास्कमधला चहा निवला होता. आता विचारतील, असं मला वाटलं. उत्तर माझ्याजवळ तयार होतं, आणि ते त्यांच्या तोंडावर द्यायची हिंमत माझ्यात नव्हती.

आबा समोर बघत म्हणाले, "तुझा हात हलका झालाय. वळणावर तू ओढत नाहीस, येऊ देतोस. काल दिवसभर तेच बघत होतो."

मी हातातली वडी तोंडात टाकली.

"त्या म्हाताऱ्याने आपली मोटार तुला दिली आणि वळून बघितलं नाही. कालपासून माझ्या मनातून ते जाईना. माणूस परक्याला असं देत नाही रे. तू इथला झालास."

"आबा, तसं नाही..."

"असू दे. मी तुला काही विचारलेलं नाही. तूही नाही म्हणालेला नाहीस." त्यांनी डब्याचं झाकण नीट दाबून लावलं. "आईला सांगेन, गाठच पडली नाही. घोड्यांपायी सुटी मिळाली नाही म्हणून. विचारल्यावर तू नाही म्हणालास, हे तिला झेपायचं नाही. गाठ पडली नाही, एवढं झेपेल."

आबा उभ्या जन्मात आईशी खोटं बोलले नव्हते. पगारापासून पडलेल्या दातापर्यंत सगळं तिला माहीत असायचं. मी त्यांना अडवायला हवं होतं. सांगा तिला खरं, म्हणायला हवं होतं, शिव्या खायला मी तयार आहे. मी तसं म्हणालो नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. मी मोटार सुरू केली आणि घाट उतरायला लागलो, आणि उतरताना आम्ही दोघं काय काय बोललो! कारखान्याचं, पागेचं, ताईच्या सासरचं. पुढे शेजारी बसलेले आबा हे वेगळेच आबा होते. एका सपाट रस्त्यावर त्यांनी स्टिअरिंगचं चक्र धरूनसुद्धा बघितलं, मी आपला हात खाली ठेवून. हसत होते. माझ्या आठवणीत ते एवढे कधी हसले नव्हते. संध्याकाळी मोटार परत केली, म्हाताऱ्याने एक फेरी मारून बघितली, ओरखडा नव्हता. उरलेली सुखडी आबा माझ्याकडे ठेवून गेले. स्टेशनात त्यांनी 'ये' म्हटलं नाही.

त्यानंतर तीन वर्षांनी मी रजा काढून बडोद्याला गेलो. पाहुणा म्हणून. कांताबेनने दारातच "आवो, आवो साहेब" केलं, आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला. जेवायला माझ्यासाठी पाट आणि ताट वेगळं मांडलं होतं. विलायतेला जाण्यापूर्वी त्याच घरात मी उष्ट्या हाताने डबे हुडकत फिरायचो. जेवणानंतर आबा झोपाळ्यावर बसले, मी भिंतीशी, आणि आई सुपारी कातरत मधे.

"तुझी नि आबांची चुकामूक झाली ते बहु वाईट झालं बघ," ती म्हणाली. "एवढे लांब गेले आणि पोराचं तोंड दिसलं नाही."

मी मान हलवली. झोपाळ्याच्या कड्या करकरत होत्या.

"आणि त्यांच्या बरोबरच्या त्या एकाचं नशीब बघ. त्याचा मुलगा तिकडेच असतो. बाप आला म्हटल्यावर त्याने काय करावं? भाड्याची मोटार आणली. हाकणारा नाही, काही नाही, स्वतः चालवली हं. बापाला डोंगरात फिरवून आणलं. चाकाखाली लिंबूसुद्धा ठेवलंन्, इतकी रीत पाळणारा. बापाला चक्र हाती दिलं धरायला." आईचे डोळे चमकत होते, बोलण्यात कांताबेनची गुजराती शिरत होती. "आबांनी मला सगळं सांगितलंय, एकदा नव्हे, दहादा. माझी सुखडीसुद्धा त्यालाच दिली ने यांनी. मी म्हटलं, सारू केलंत. दीकरा असावा तर असा."

मी आबांकडे बघितलं. आबा पायाच्या अंगठ्याने झोका देत होते आणि आढ्याकडे बघत होते.

"मी म्हणते, तू मनावर घेतलं असतंस तर तुला नसती मिळाली दोन दिवस रजा?" आई माझ्याकडे वळली. "यांना नाही सुटी मिळाली, तू जायचंस. त्या मुलाला जमलं ना."

"चुकलंच माझं," मी म्हणालो. मला दुसरं काय म्हणता येणार होतं?

तिने कातरलेली सुपारी आबांच्या हातावर ठेवली. ठेवता ठेवता तिला काहीतरी सुचलं. "अहो, पण तो मुलगा परत आला का मग घरी?"

झोपाळा थांबला. "नाही," आबा म्हणाले. "तिकडेच राहिला."

"मग त्या मोटारीला काय चाटायचंय?"

"बाप खूश होता गं," आबा हळूच म्हणाले. "फार खूश होता."

"बापाला मोटार मिळाली," आई म्हणाली. "आईला काय मिळालं?"

ती सुपारीचा डबा उचलून आत गेली. आत भांडी वाजायला लागली तेव्हा आबा मला म्हणाले, "सांगायचं नव्हतं. पण सांगितल्यावाचून राहवलं नाही रे." तेवढं बोलून त्यांनी पुन्हा झोका घेतला.

रजा संपली. निघायच्या सकाळी आईने पिशवीत सुखडीचे दोन डबे घातले. एक मोठा, एक लहान. "मोठा तुझा. लहान त्या मुलाला दे, कधी गाठ पडली तर. त्यालाही कोणी पाठवत नसेल. त्याला म्हणावं, बापाला फिरवलंस ते चांगलं केलंस, आता आईलाही तोंड दाखव." तिने माझ्या हातावर दही घातलं. मी नमस्कार केला आणि उंबरा ओलांडला. या वेळी काही विसरलो नव्हतो.

आता घर कुठलं असं कोणी विचारलं तर मी बडोदं सांगतो आणि लगेच खजील होतो. ज्या घरात मी दोन आहे ते माझं घर. एक न आलेला मुलगा, ज्याच्यावर आई रुसलेली आहे, आणि एक तिने कधी न बघितलेला, ज्याचं ती कौतुक करते. दोघांनाही घरी जायचंय. आणि दोघंही इकडे रमलेत, हे त्याहून खरं.

मोठा डबा मी खोलीवर संपवला. लहान तसाच कपाटात होता. परवा त्याच गॅरेजमधून तीच हिरवी मोटार घेतली, एकट्यासाठी, आणि त्याच घाटात त्याच कडेला थांबवली. म्हातारा मालक मला आता ओळखतो, कागदही बघत नाही. डबा शेजारच्या जागेवर ठेवून झाकण काढलं. सुखडी कडक झाली होती, पण वास तोच होता. एक वडी तोंडात टाकली आणि खाली बघता बघता आईचा निरोप त्या मुलाला सांगितला, मोठ्याने, मराठीत: आता आईलाही तोंड दाखव. सांगून झाल्यावर मी उगाच वळून मागच्या गादीकडे बघितलं. तिथे कोणी नव्हतं. असतं तरी त्याने हाक मारली नसती. आमच्या घरी निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत.